परदेशी विमानतळावर रात्र काढायची असेल तर हॉटेल कसे निवडावे

खान्देशातून परदेशी जाणाऱ्या माणसाचे विमान मुंबईहून सुटत असले, तरी त्याचे जागरण आदल्या दिवशीच सुरू झालेले असते. जळगाव ते मुंबई हे सुमारे ४२० किलोमीटरचे अंतर बरेच जण रात्रीच्या गाडीने कापतात, सकाळी कल्याणला किंवा दादरला उतरतात, दिवस एखाद्या नातेवाइकाच्या घरी बसून काढतात आणि संध्याकाळी सहारच्या टर्मिनल २ वर पोहोचतात. पुढे दोह्याला, दुबईला किंवा इस्तंबूलला विमान बदलण्यासाठी ते उतरतात तेव्हा ती त्यांची पाठ न टेकलेली सलग दुसरी रात्र असते. त्यामुळे पुण्यामुंबईच्या प्रवाशाला सात-आठ तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, खुर्चीत बसून निभावता येत असला, तरी आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या आईवडिलांसाठी तोच हिशेब लावू नये.

आमच्या घरात अमेरिकेला, कॅनडाला आणि जर्मनीला मुलांकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांची तिकिटे आणि मुक्काम पाहण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आले आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक हॉटेलचा शोध फोटो आणि भाडे पाहून सुरू करतात आणि तिथेच चुकतात. तिकीट कसे काढले आहे, सामान कुठपर्यंत जाणार आहे आणि हातात कोणता व्हिसा आहे, या तीन गोष्टींनी निवड आधीच बरीचशी ठरवून टाकलेली असते. म्हणून पुढील क्रम त्याच ओळीने लावला आहे.

तिकीट एक आहे की दोन?

मुंबई ते न्यूयॉर्क असा पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर, म्हणजे एकाच पीएनआरवर असेल, तर मुंबईत दिलेली बॅग साधारणपणे थेट पुढे जाते आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तर पुढची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी राहते. स्वस्त पडते म्हणून मुंबई-दुबई एका कंपनीचे आणि दुबई-लंडन दुसऱ्या कंपनीचे अशी दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर बहुतेक वेळा मधल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावी लागते. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसा लागतो. दोन तिकिटांवर वाचलेले पैसे व्हिसा, हॉटेल आणि टॅक्सी यांत कसे जातात, हे आधी कागदावर मांडून पाहावे. माझ्या अनुभवाने वयस्कर माणसांसाठी दोन तिकिटांचा प्रवास कधीच स्वस्त पडत नाही.

एकच तिकीट असेल तर हॉटेल शोधण्याआधी विमान कंपनीला विचारावे की या लेओव्हरला त्यांच्याकडून मुक्काम मिळतो का. जोडविमान लवकरचे उपलब्धच नसल्यामुळे प्रवाशाला रात्रभर थांबावे लागत असेल, तर आखातातील काही मोठ्या कंपन्या आणि टर्किश एअरलाइन्स आपल्या अटींनुसार हॉटेल देतात. एमिरेट्सच्या अशा सोयीचे नाव ‘दुबई कनेक्ट’ आहे. लेओव्हर किमान किती तासांचा हवा, तिकीट कोणत्या दराचे हवे आणि मागणी किती आधी नोंदवायची, या अटी कंपनीनिहाय वेगळ्या असतात आणि बदलतातही, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वीच त्या वाचाव्यात. लवकरचे जोडविमान सोडून आपणच सोयीसाठी लांब लेओव्हर निवडला असेल, तर ही सोय सहसा मिळत नाही. शिवाय फुकट हॉटेल बहुधा शहरात असते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावेच लागते, आणि सत्तरीच्या माणसाला रात्री दोन वाजता बसने शहरात नेऊन पहाटे पाचला परत आणणे ही सोय आहे की शिक्षा, हे ज्याने त्याने ठरवावे.

बॅगेची खात्री मुंबईच्या काउंटरवरच करून घ्यावी. बॅगेला लावलेल्या पट्टीवर ठळक अक्षरांत तीन अक्षरी संकेत छापलेला असतो. तो शेवटच्या शहराचा असेल, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळासाठी ‘जेएफके’, तर बॅग मध्ये घ्यावी लागत नाही. तो दोह्याचा किंवा दुबईचा असेल तर तिथेच थांबून विचारावे. दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पासही मुंबईतच मागून घ्यावा, कारण तो हातात असला की मधल्या विमानतळावरची एक रांग कमी होते.

इमिग्रेशनच्या आतले हॉटेल आणि बाहेरचे हॉटेल

निवडीचा खरा फाटा इथे फुटतो. विमानातून उतरल्यावर इमिग्रेशन न ओलांडता थेट पुढच्या विमानाकडे जाणाऱ्या प्रवाशांचा जो भाग असतो, त्याच्या आत काही विमानतळांवर हॉटेल असते. तिथे राहताना आपण त्या देशात शिरलेलो नसतो, पासपोर्टवर शिक्का बसत नाही आणि सकाळी खोलीतून निघून चालत गेटवर जाता येते. दोह्याच्या हमाद विमानतळावरचे ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल, दुबईच्या टर्मिनल ३ मधले दुबई इंटरनॅशनल हॉटेल, सिंगापूरच्या चांगी विमानतळावरची टर्मिनल १ मधील एरोटेल आणि टर्मिनल ३ मधील अ‍ॅम्बॅसडर ट्रान्झिट, फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ मधले मायक्लाउड ही या प्रकारची हॉटेले आहेत.

दुसरा प्रकार विमानतळाला चिकटलेल्या, पण इमिग्रेशनच्या बाहेरच्या हॉटेलांचा. चांगीच्या टर्मिनल ३ ला लागून असलेले क्राउन प्लाझा, फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ शी पुलाने जोडलेले शेरेटन, लंडन हीथ्रोच्या टर्मिनल ५ ला जोडलेले सोफिटेल ही त्याची उदाहरणे. ही हॉटेले सहसा मोठी आणि आरामशीर असतात, परंतु ‘विमानतळातच आहे’ या वर्णनाने फसून जाऊ नये. भिंतीला भिंत लागून असली, तरी मध्ये इमिग्रेशनची खिडकी असते. तिसरा प्रकार शटल बसने जाण्याच्या अंतरावरील हॉटेलांचा.

एकाच नावाची दोन दारे असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. इस्तंबूल विमानतळावर योटेलएअरच्या खोल्या इमिग्रेशनच्या आतही आहेत आणि बाहेरही, आणि बुकिंग करताना कोणती बाजू निवडली यावर व्हिसा लागणार की नाही हे ठरते. त्यामुळे बुकिंगच्या पानावर ‘ट्रान्झिट’, ‘एअरसाइड’ किंवा ‘लँडसाइड’ यांपैकी कोणता शब्द आहे तो शोधावा. ट्रान्झिट किंवा एअरसाइड म्हणजे आत, लँडसाइड म्हणजे बाहेर. शब्द सापडला नाही तर हॉटेलला ईमेल करून एवढेच विचारावे: मी अमुक विमानाने उतरून तमुक विमानाने पुढे जाणार आहे, इमिग्रेशन न ओलांडता तुमच्याकडे पोहोचता येईल का? लेखी आलेले उत्तर जपून ठेवावे.

आतले हॉटेल निवडले तर शेवटपर्यंत टॅग केलेली बॅग रात्री मिळत नाही. झोपायचे कपडे, औषधे, दातांची कवळी ठेवण्याची डबी, शाल, चार्जर हे सारे हातातल्या बॅगेत हवे. बाटलीबंद द्रव १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नसावा, कारण जोडविमानाच्या वाटेवरही पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि डोक्याला लावायच्या तेलाची मोठी बाटली तिथेच टाकून द्यावी लागते.

बाहेर पडणार असाल तर सामान त्या देशाच्या कस्टममधूनही जाते. आपल्याकडे मुलांसाठी घरचा काळा मसाला नेण्याची रीत आहे आणि त्या मसाल्यात अनेक घरांत खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे आणि सिंगापूरमध्येही ती निषिद्ध वस्तूंत मोडते. मसाला नेणारच असाल, तर तो खसखस न घालता वेगळा कुटावा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामके असलेल्या गोळ्यांच्या बाबतीतही अमिरातीचे नियम कडक आहेत, म्हणून डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ असावी आणि अशा औषधांची परवानगी आधीच पाहावी.

व्हिसाने काय शक्य होते

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आणि ते बदलतात, म्हणून अंतिम खात्री त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे करावी. तरी चौकट समजून घेतलेली बरी.

अमेरिकेच्या विमानतळांवर इमिग्रेशन न करता विमान बदलण्याची व्यवस्थाच नाही. न्यूयॉर्कला उतरून मेक्सिकोला जायचे असले, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि इमिग्रेशन करावेच लागते, म्हणून तिथे आत-बाहेर हा प्रश्नच उरत नाही. देशांतर्गत जोडविमान असले, तरी सहसा बॅग पहिल्या अमेरिकी विमानतळावर उचलून पुन्हा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टधारकाला नुसते आतल्या आत विमान बदलायलाही संक्रमण (ट्रान्झिट) व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांचा वैध व्हिसा असलेल्यांना ठरावीक अटींवर त्यातून सूट आहे.

अमिरातीत थांबायचे असेल तर विमान कंपनीमार्फत ४८ तासांचा किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढता येतो. सिंगापूरने अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी ९६ तासांपर्यंतच्या विनाव्हिसा संक्रमणाची सवलत अटींसह ठेवली आहे. बाहेर पडणार असाल तर तिथले आगमन-पत्र पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते.

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांत एक बारकावा आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम असा प्रवास असेल, तर शेंगेनमधला प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो, म्हणजे रात्रीपुरते बाहेरच्या कोणत्याही हॉटेलात जायला वेगळी परवानगी लागत नाही. मुंबई-फ्रँकफर्ट-टोरांटो असेल तर आपण शेंगेनच्या दाराबाहेरच असतो आणि बाहेरचे हॉटेल हवे असल्यास शेंगेन व्हिसा लागतो. तो हातात असला तरी ‘एकदाच प्रवेश’ अशा प्रकारचा असेल, तर एका रात्रीच्या झोपेसाठी तो एकमेव प्रवेश खर्च होतो, आणि परतीच्या वाटेवर मुलीकडे जर्मनीत उतरायचे ठरवलेले असेल, तर दार बंद झालेले असते.

झोपेचा खरा हिशेब

लेओव्हर किती तासांचा आहे याला फारसा अर्थ नसतो. अंथरुणावर किती तास मिळतात तेवढेच पाहावे. समजा, विमान मुंबईहून रात्री ११.१५ ला सुटले आणि दोह्याच्या घड्याळाप्रमाणे १२.३५ ला उतरले. पुढचे विमान सकाळी ८.१० चे आहे. कागदावर साडेसात तास दिसतात.

हॉटेल आतले असेल तर विमानातून बाहेर येणे, चालणे, सुरक्षा तपासणी आणि खोलीची किल्ली यांत पाऊण ते एक तास धरावा. म्हणजे दीडच्या सुमारास पाठ टेकते. सव्वासहाला उठून आंघोळ, चहा उरकून सात-सव्वासातला गेटकडे निघता येते. पावणेपाच तास झोप झाली. हॉटेल बाहेरचे असेल तर इमिग्रेशनची रांग, टॅक्सी आणि हॉटेलचा काउंटर धरून अडीच वाजतात, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी परत यायचे म्हटले तर साडेचारला उठून निघावे लागते. दोन तासांच्या झोपेसाठी पूर्ण रात्रीचे भाडे, टॅक्सी आणि दोनदा इमिग्रेशन.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे. आठ तासांपर्यंतच्या लेओव्हरला आतले हॉटेलच पाहावे, ते नसेल तर तिथे मिळणारी झोपायची कॅप्सूल घ्यावी. आठ ते बारा तासांना टर्मिनलला जोडलेले बाहेरचे हॉटेलही चालते, व्हिसाची अडचण नसेल तर. बारा तासांच्या पुढे शटलच्या अंतरावरचे हॉटेल घ्यायला हरकत नाही, आणि तिथे भाड्यात बराच फरक पडतो. क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या लाउंजवर मात्र रात्रीची भिस्त ठेवू नये. बहुतेक लाउंजमध्ये तीनेक तासांची मर्यादा असते, आणि तिथली खुर्ची कितीही मागे झुकली, तरी ती खुर्चीच राहते.

विमानतळाची रात्र कशी असते, हेही या हिशेबात यावे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे, त्यामुळे तिथे रात्री दुकानेही मिटतात आणि टर्मिनल सुनसान होते. दोहा आणि दुबईत उलट स्थिती. आशियातून येणारी आणि युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने एकमेकांना जुळावीत म्हणून तिथली मोठी वर्दळ मध्यरात्रीनंतरच असते, आणि म्हणूनच आतल्या हॉटेलांच्या खोल्या नेमक्या आपल्याला हव्या असतात त्या तासांना भरलेल्या असतात. तिकीट काढले त्याच आठवड्यात खोली पाहावी.

अबू धाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी धरावी. २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन अबू धाबी विमानतळावरच होते, म्हणून गेटवर नेहमीपेक्षा बरेच आधी पोहोचावे लागते आणि झोपेतला एखादा तास तिकडे जातो.

मध्यरात्रीच्या तारखेचा सापळा

या लेखातले दुसरे काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये.

वरचेच उदाहरण घ्यावे. मुंबईहून १४ तारखेला रात्री ११.१५ ला निघालेले विमान दोह्याला १२.३५ ला उतरते तेव्हा १५ तारीख लागलेली असते. तिकिटावर आगमनाची तारीख १५ अशीच छापलेली असते. मग बाहेरचे साधे हॉटेल घेताना चेक-इनची तारीख १५ टाकली, तर खोली १५ तारखेच्या दुपारी दोन किंवा तीन वाजता मिळणार असते, तोपर्यंत पुढचे विमान केव्हाच सुटलेले असते. रात्रीच्या हिशेबाने चालणाऱ्या हॉटेलात १४ तारखेची रात्र घ्यावी लागते: चेक-इन १४, चेक-आउट १५. शिवाय हॉटेलला कळवावे लागते की आपण मध्यरात्रीनंतर येणार आहोत, नाही तर संध्याकाळपर्यंत न आलेला पाहुणा आता येणार नाही असे समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

आतल्या ट्रान्झिट हॉटेलांची रीत बहुधा वेगळी असते. ती तासांवर खोली देतात, म्हणून तिथे उतरण्याची खरी तारीख आणि खरी वेळ टाकायची असते, म्हणजे १५ तारीख, पहाटे १ वाजता. एकाच प्रवासासाठी एका हॉटेलात १४ आणि दुसऱ्यात १५, दोन्ही बरोबर!

हे मी फुकट शिकलो नाही. माझी मोठी बहीण आणि भाऊजी यावलहून पहिल्यांदा मुलाकडे निघाले होते. बहिणीने फोनवर सरळ विचारले होते, “भाऊ, रातले एक वाजता उतरसूत, मंग तारीख कोनती टाकानी?” मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, तिकिटावर आहे तीच. आखातातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर रात्री अडीच वाजता त्यांना सांगण्यात आले की तुमची खोली उद्या दुपारपासून आहे, आणि आज रात्री हवी असेल तर वेगळे पैसे भरा. हॉटेलची चूक काहीच नव्हती. दोघांनी लॉबीतल्या सोफ्यावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि सकाळी विमान पकडले. बहिणीने अजून एका शब्दाने विषय काढलेला नाही, पण आता तिकीट आले की तारखा ती स्वतः बोटांवर मोजते.

घड्याळाचा सापळाही याच जातीचा. दोहा आणि इस्तंबूल आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. रोमिंग नसलेल्या आणि फ्लाइट मोडवर ठेवलेल्या फोनचे घड्याळ भारतीय वेळच दाखवत राहू शकते आणि त्यावर लावलेला गजर दगा देतो. सिंगापूरला तर तो अडीच तास उशिरा वाजेल. म्हणून काउंटरवर खोली घेतानाच स्थानिक वेळेने उठवायला सांगावे, आणि सांगितलेली वेळ त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावी.

नकाशावर जागा पाहणे

हॉटेलच्या नावात ‘एअरपोर्ट’ असणे हा पुरावा नव्हे. इस्तंबूलची नियमित प्रवासी उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये जुन्या अतातुर्क विमानतळावरून काळ्या समुद्राकडच्या नव्या विमानतळावर हलली, पण जुन्या विमानतळाभोवतीची हॉटेले तिथेच आहेत. त्यात शहराच्या आशियाई बाजूला सबिहा गोकचेन हा आणखी एक विमानतळ आहे. टोकियोला नारिता आणि हानेदा, बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली अशा जोड्या आहेत. तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत आणि हॉटेलच्या पत्त्याजवळचा विमानतळ एकच आहे ना, हे आधी जुळवावे.

त्यानंतर टर्मिनल. दुबईचे टर्मिनल २ हे टर्मिनल १ आणि ३ च्या धावपट्टीपलीकडे आहे, त्यामुळे सरळ रेषेत जवळ दिसणारे हॉटेल रस्त्याने बरेच दूर पडते. नकाशावर सरळ अंतर पाहू नये. पहाटे चार वाजता गाडीने किती मिनिटे लागतील ते पाहावे, आणि ते ज्या टर्मिनलवरून पुढचे विमान सुटते तिथपर्यंतचे पाहावे, उतरलो तिथपासूनचे नव्हे.

शटल बसबाबत तीन प्रश्न विचारावेत: रात्रभर चालते का, दर किती वेळाने, आणि पैसे लागतात का. हीथ्रोच्या उत्तरेला बाथ रोडवर हॉटेलांची रांगच आहे, पण तिथे नेणारी बस फुकट असेल असे गृहीत धरू नये. अभिप्राय वाचताना तारांकनाकडे न पाहता त्यात ‘शटल’ आणि ‘नॉइज’ हे दोन शब्द शोधावेत आणि गेल्या सहा महिन्यांतलेच वाचावेत.

खोली आणि खाणे

ट्रान्झिट हॉटेलच्या खोल्या लहान असतात आणि अनेकींना खिडकी नसते. झोपेसाठी ते बरेच, पण काही स्वस्त खोल्यांना स्वतःचे स्वच्छतागृह नसते, ते बोळातले सामाईक असते. मधुमेही किंवा गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी ही एक बाब बाकी सगळ्या सुखसोयींवर मात करते, म्हणून खोलीच्या वर्णनात ती पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. पलंग दोघांना पुरेल का, हेही पाहावे. व्हीलचेअर घेतली असेल तर ती किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवावी, आणि मदतनीस आतल्या हॉटेलच्या दारापर्यंत सोडेल का आणि सकाळी तिथूनच घेईल का, हे नोंदवतानाच विचारावे.

खाण्याचे फार मनावर घेऊ नये. माळकरी किंवा जैन घरांतली माणसे जवळ दशम्या, खाकरा, भाजलेले शेंगदाणे ठेवतातच. केळी मात्र पुढच्या देशात उतरण्याआधी संपवावीत, कारण ताज्या फळांना अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या कस्टममध्ये थारा नाही, मग ती रावेरची का असेनात.

पैसे भरताना

मुलाने अमेरिकेतून स्वतःच्या कार्डाने आईवडिलांसाठी खोली घेतली असेल, तर काही हॉटेले काउंटरवर तेच कार्ड दाखवायला सांगतात. दुसऱ्याच्या कार्डाने पैसे भरल्याची परवानगी कोणत्या स्वरूपात चालते, हे आधी ईमेलने विचारून त्याचा कागद सोबत द्यावा. पैसे भरलेले असले तरी बरीच हॉटेले अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती परत यायला अनेक दिवस लागू शकतात, म्हणून क्रेडिट कार्ड बरे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे परदेशातील वापरासाठी बंद स्थितीत मिळतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ती सुविधा घरून निघण्यापूर्वी चालू करावी, कारण ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम तिकडे चालेलच असे नाही.

दाखवलेल्या भाड्यात सगळे धरलेले नसते. दुबईत प्रत्येक खोलीमागे रात्रीला हॉटेलच्या दर्जानुसार ७ ते २० दिरहॅमपर्यंत पर्यटन शुल्क वेगळे घेतात, आणि युरोपात अनेक शहरांचा मुक्काम-कर असतो. विमानाची वेळ बदलण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून थोडे महाग पडले तरी रद्द करता येणारे बुकिंग घ्यावे. शक्यतो ते हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावे, म्हणजे रात्री विमान लांबले तर बोलायला एकच पक्ष असतो.

विमान कंपनीच्या कारणाने रात्र अडकली तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे विमान रद्द झाले किंवा इतके लांबले की रात्र थांबावे लागले, तर संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीने द्यायची असते. तेव्हा स्वतः खोली शोधत न बसता आधी कंपनीचा काउंटर गाठावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

हॉटेलचे नाव, ते आत आहे की बाहेर, टर्मिनल, बुकिंग क्रमांक आणि हॉटेलचा फोन हे सारे एका कागदावर मोठ्या अक्षरांत, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहावे, आणि त्याच्या दोन प्रती दोघांच्या खिशात वेगवेगळ्या ठेवाव्यात. पर्स हरवली तर फोनही तिच्यातच गेलेला असतो. प्लगसाठी अमिराती, कतार, सिंगापूर आणि ब्रिटनला चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, जर्मनीला आणि तुर्कस्तानला आपल्या चार्जरची बारीक गोल दोन पिनांची पट्टी बहुधा तशीच बसते.

कागदाच्या तळाशी दोन ओळी लिहाव्यात. पहिली: “तिथल्या घड्याळाने अमुक वाजता उठायचे.” दुसरी: “तिथल्या घड्याळाने अमुक वाजता गेटवर.” भारतीय वेळ त्या कागदावर कुठेही लिहू नये. आणि परतीच्या प्रवासाचा लेओव्हर असेल तर त्यासाठी नवा कागद करावा. जातानाच्या कागदाची उलटी प्रत करू नये, कारण परतीला उतरण्याची वेळ, टर्मिनल आणि कित्येकदा तारखेचा हिशेबही बदललेला असतो.